चादरीची उलटी बाजू

मी सोलापूरहून नेलेली चादर आजींनी उलगडली आणि सगळ्यात आधी ती उलटी करून पाहिली. रंग पाहिला नाही, मोर पाहिले नाहीत. काठाचा कोपरा दोन बोटांत धरून त्यांनी चादरीची पाठ दिव्याकडे केली, नखाने एक धागा पकडला आणि त्याच्यामागे जात जात पार मधल्या नक्षीपर्यंत पोचल्या. मग मान वर करून लेकीला म्हणाल्या, ‘जाकार.’

फ्रेंचमधला तो शब्द मला माहीत होता: आपल्याकडचा जकार्ड, मागावर नक्षी विणणारं यंत्र. पण तो असा, चादरीवर बोट ठेवून, एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून ऐकला आणि प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला. आमच्या सोलापुरात चादर हातात आली की बाबा नेमकं हेच करतात. सोलापुरी चादरीला तशी उलटी बाजू नसतेच. एकीकडे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर दुसरीकडे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. तरीही मागावर आयुष्य गेलेला माणूस चादर पालथी करतोच. धागा कुठे सुटलाय का, गाठ कुठे मारलीय, बाणा कुठे सैल पडलाय, हे त्याला पाहायचं असतं.

मी पुण्यात एका शाळेत फ्रेंच शिकवते. शिक्षकांसाठीच्या एका महिन्याच्या अभ्यासक्रमासाठी काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये ल्योंला गेले होते. राहण्याची सोय एका कुटुंबात होती: यजमानीण, तिचा नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा आणि तिची आई, म्हणजे या आजी. शुक्रवारी रात्री उशिरा पोचले. यजमानीण दारातच दोन्ही गालांना गाल लावून म्हणाली, ‘आपण एकमेकींना तू म्हणू या.’ फ्रेंचमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही वेगळं आहे, आणि तुम्हीवरून तूवर यायचं तर आधी तसं विचारायचं असतं. म्हणून तिला मी इथेही ‘ती’ म्हणतेय. आजींनी मात्र मला ‘तुम्ही’ म्हटलं आणि मीही त्यांना ‘तुम्ही’च म्हटलं. आपल्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडून आजीच्या वयाच्या बाईला दुसरं काही निघालंही नसतं.

सकाळी जाग आली तेव्हा आपण कुठे झोपलोय ते नीट दिसलं. मला पोटमाळा दिला होता. अगदी आपला शब्द, आपली चीज: खोलीच्या अर्ध्या उंचीवर लाकडी तक्तपोशी, चढायला अरुंद जिना, वर गादी. खाली पाहिलं तर खोलीचं छत जमिनीपासून चार मीटर तरी वर होतं. आडव्या तुळया उघड्या, आणि खिडक्या जवळजवळ छताला टेकलेल्या. चौघांच्या घराला एवढी उंची कशाला, हे मला विचारावं लागलं नाही. छताकडे बघतानाच ध्यानात आलं की ही उंची माणसांसाठी नव्हतीच, ती मागासाठी होती. जकार्ड मागाच्या डोक्यावर बसतो. त्याला वर जागा लागते, आणि रेशमाचा बारीक धागा दिसायला भरपूर उजेड लागतो. घरातला सगळा उजेड आणि सगळी उंची मागाची, माणसं मात्र पोटमाळ्यावर निजायची.

हा भाग क्रुआ-रूस. ल्यों शहर रोन आणि सोन या दोन नद्यांच्या मधे आणि आजूबाजूला वसलंय. नद्यांच्या मधे उत्तरेला ही टेकडी, आणि सोनच्या पलीकडे फूरव्हियेरची. ल्योंची माणसं फूरव्हियेरला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि क्रुआ-रूसला काम करणारी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या शहरातल्या बुटक्या घरांत नवे उंच माग मावेनात, म्हणून विणकर इथे वर आले आणि त्यांच्यासाठी ही उंच घरं बांधली गेली. १८५२ पर्यंत हे ल्योंपासून वेगळं गाव होतं. इथल्या रेशीम विणकरांना कान्यू म्हणतात. आजींचे आजोबा कान्यू होते, आणि आई रेशमाच्या कारखान्यात ताणा लावायची.

‘ताणा लावायची’ हे मराठी माझं. आजी म्हणाल्या ‘उर्दिसोझ’. हा शब्द मी कुठल्याच पाठ्यपुस्तकातून शिकवला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत धागे ओढून दाखवले, शेजारी शेजारी, एका ताणात. मी म्हणाले, ‘आमच्याकडे याला ताणा म्हणतात.’ त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. णचा न झाला, पण जीभ त्यांनी मनापासून वळवली.

न्याहारीला प्रत्येकापुढे बिनकानाचा मोठा वाडगा आला, त्यात दुधाची कॉफी, आणि लोणी लावलेल्या पावाचे लांब तुकडे कॉफीत बुडवून खायचे. नऊच्या सुमाराला आम्ही बाजारात निघालो. सोमवार सोडला तर रोज सकाळी क्रुआ-रूसच्या बुलव्हारवर बाजार भरतो. नासपती, द्राक्षं, चेस्टनट, मातीसकट लीक, दहा तऱ्हेची अळंबी. आधी प्रत्येक दुकानदाराला ‘बोंझूर’ म्हणायचं, मग मागायचं. भाजी आपण निवडायची नसते, त्याने निवडून द्यायची. चीजवाल्यापाशी आजींनी सँ-मार्सेलँ मागितलं. तळहाताएवढी, मऊ, चपटी चकती. त्याने विचारलं, ‘दुपारी खाणार की रात्री?’ आजी म्हणाल्या, ‘रात्री.’ त्याने पाच-सहा चकत्यांवर अंगठा हलकेच ठेवून पाहिला आणि त्यातली एक उचलली. पेठेतला जुना आंबेवाला आजचा, उद्याचा आणि परवाचा आंबा वेगळा काढून देतो, तेच हे.

तिथून जवळच प्लास द ला क्रुआ-रूसमध्ये पुतळा आहे. जोझेफ-मारी जाकार, म्हणजे आपण ज्याला जकार्ड म्हणतो तो.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्या घरात जकार्ड हा शब्द मी आई-बाबा या शब्दांच्या बरोबरीने ऐकला असेन. बाबा सोलापूरच्या पूर्व भागात एका चादर कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला जकार्ड खोलायचा, सुया सरळ करायच्या, कार्डं पुन्हा ओवायची, मागाला चालता करायचा. ‘जकार्ड अडकलाय’ असा निरोप आला की ताटावरून उठून जायचे. शेजारी तेलंगणातून पिढ्यांमागे आलेली पद्मशाली कुटुंबं. ती घरात तेलुगू बोलायची, पण शेडमध्ये आल्यावर तीही जकार्डच म्हणायची. हे कुणा माणसाचं आडनाव असेल असं आमच्या गल्लीत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मलाही ते फ्रेंच शिकायला लागल्यावर कळलं, आणि बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

हा माणूस १७५२ मध्ये याच शहरात जन्मला. नक्षीचं कापड विणायचं तर ताण्यातला नेमका कोणता धागा केव्हा उचलायचा हे दर फेऱ्याला ठरवावं लागतं. पूर्वी मागाशेजारी एक मदतनीस, बहुतेक वेळा लहान मूल, दोऱ्या ओढून ते धागे उचलायचं. दिवसभर, अंग वाकवून. १८०४ च्या त्याच्या यंत्राने हे काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं. दोऱ्या ओढणारं मूल मागापासून सुटलं. नक्षी पुठ्ठ्यांवर उतरली, आणि पुठ्ठे बदलले की त्याच मागावर दुसरी नक्षी. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने गणिती यंत्राची कल्पना मांडताना हीच भोकांची कार्डं घेतली. म्हणून संगणकाचा इतिहास सांगणारे जकार्डपाशी येतातच. बॅबेजजवळ जाकारचं एक रेशमी चित्र होतं. ते रंगवलेलं नव्हतं, १८३९ मध्ये ल्योंत विणलेलं होतं, आणि त्या एका चित्राला चोवीस हजार कार्डं लागली होती.

मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. भारतात दुपारचे अडीच वाजले असतील. बाबांना कमी ऐकू येतं. चाळीस वर्षं मागाच्या आवाजात गेलेल्या माणसांचं जे होतं तेच. मी ओरडून सांगितलं, ‘बाबा, हा जकार्ड. ज्याने जकार्ड काढला तो माणूस.’ ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘माणूस होता व्हय तो? माझ्याकडून नमस्कार कर.’

मी हात जोडले. आजींनी विचारलं नाही, पण समजल्या. छडी डाव्या हातात घेऊन त्या माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

तिथून रु दिव्हरीवर ‘मेझों दे कान्यू’. म्हणजे कान्यूंचं घर. छोटी जागा आहे. ठरावीक वेळी तिथला विणकर मागावर बसून विणून दाखवतो. आम्ही दहा-बारा माणसं बाकांवर बसलो. तो मागावर चढला, पायाने पावडी दाबली, आणि त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला.

ल्योंच्या लोकांनी या आवाजाला शब्द केलाय: ‘बिस्तांक्लाक-पां’. बिस, पावडी दाबली जाते. तां, सुया पुठ्ठ्यावर आपटतात. क्लाक, धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. पां, फणी बाणा ठोकते. आजींनी तो शब्द मला शेजारी बसून पुटपुटत दाखवला, मागाच्या ठेक्यावर, आणि त्यांची छडी जमिनीवर पां म्हणायला लागली. आमच्याकडचे यंत्रमाग विजेवर धडधडतात, त्यात असं एकेक अक्षर सुटं ऐकू येत नाही. पण मूळ ठेका तोच. लहानपणी मी त्याच्यावर झोपायचे. रविवारी शेड बंद असली की मला झोप लागायची नाही.

विणकराने मागाचं डोकं उघडून दाखवलं. दोऱ्याने एकमेकांना शिवलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ, चौकोनी लाकडी दंडावरून एकेक पाऊल पुढे सरकणारी. पुठ्ठा सुयांसमोर येतो. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा निसटतो, धागा खालीच राहतो. भोक किंवा भोक नाही, दोनच गोष्टी. मला हे माहीत होतं. बाबांनी आमच्या ओट्यावर जुनं कार्ड उन्हात धरून मला हेच शिकवलं होतं. त्या वेळी कार्डातून पडलेले उजेडाचे ठिपके त्यांच्या सदऱ्यावर होते. इथे तेच पुन्हा एकदा, दुसऱ्या भाषेत, तितक्याच मायेने कुणी सांगत होतं.

मग त्याने एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. अशी नक्षीची रेशमी कापडं पुष्कळदा पालथी विणतात. विणकराच्या डोळ्यांपुढे दिवसभर असते ती कापडाची पाठ. सुलटी बाजू बघायची तर कापडाखाली आरसा धरायचा. असं अवघड कापड दिवसभरात काही सेंटिमीटर पुढे जातं. राजवाड्यांच्या भिंतींवर लागलेलं ते कापड विणणाऱ्याने सबंध, सुलटं, लांबून असं कधी पाहिलंच नसेल. मी आजींकडे वळले. त्या म्हणाल्या, ‘माझे आजोबा म्हणायचे, पाठ स्वच्छ असली की पोट स्वच्छ असतंच.’ काल रात्री चादर का उलटली त्याचं उत्तर मला न विचारता मिळालं.

निघताना मी मागाच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावला. खंडेनवमीला बाबा जकार्डाला हळदकुंकू वाहायचे, त्या दिवशी माग चालवायचे नाहीत. विणकराने विचारलं तेव्हा मी सांगितलं की वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारांची पूजा करतो. तो म्हणाला, आज आमच्याकडे तो दिवस आहे असं समजा. त्याने पेटीतून एक जुनं फाटकं कार्ड काढून मला दिलं. ते आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

दुपारी घरी जेवलो. यजमानिणीच्या नवऱ्याने ‘सेर्व्हेल द कान्यू’ केलं होतं. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, पण त्यात मांस नसतं. ताजं पांढरं चीज, आपल्या चक्क्यासारखं, घोटून त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, चाइव्हची हिरवी पात, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल, मीठ, मिरी. पावावर लावून खायचं. मटण परवडत नसलेल्यांच्या ताटातलं हे खाणं. मी पिशवीतून शेंगा चटणीची पुडी काढली. सोलापूरच्या विणकराची दुपार म्हणजे कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर तेल. आजींनी चीज लावलेल्या पावावर चमचाभर चटणी पसरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी पुन्हा घेतली.

दुपारनंतर आजी घरी थांबल्या. उतार त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मुलगा वाटाड्या झाला. त्याने मला त्राबूलांतून खाली नेलं. त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारी वाट. एका रस्त्यावर साधं दार, ते ढकललं की अंधारा बोळ, मग चौक, मग जिना, आणि दुसऱ्या टोकाचं दार थेट खालच्या रस्त्यावर. शहरात अशा शेकडो वाटा आहेत, त्यांतल्या थोड्याच लोकांसाठी उघड्या आहेत. तयार रेशमाचे गठ्ठे पावसात न भिजता टेकडीखालच्या व्यापाऱ्यांकडे न्यायला त्या कामी यायच्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवणाऱ्या प्रतिकार चळवळीच्या माणसांनीही त्या वापरल्या. मुलगा ओठांवर बोट ठेवून पुढे चालत होता. इथे लोक राहतात, खिडकीआड कुणाचं बाळ झोपलेलं असतं, त्यामुळे आवाज करायचा नाही हा इथला रिवाज. पंधरा वर्षांचा मुलगा तो इतक्या सहज पाळत होता की मला त्याच्या आई-आजीचं कौतुक वाटलं.

कूर दे व्होरास या चौकात आल्यावर आम्ही थांबलो. सहा मजले उंच उघडा दगडी जिना, दोन्ही अंगांनी चढत गेलेला. मुलाने इथे हळू आवाजात १८३१ ची हकिगत सांगितली. शाळेत शिकवलेली नव्हे, आजीकडून ऐकलेली. विणकरांची मजुरी उतरत चालली होती आणि दिवसाचे पंधरा-पंधरा तास काम होतं. ऑक्टोबरमध्ये प्रांताधिकाऱ्याच्या मध्यस्थीने मजुरीचा किमान दर ठरला. काही व्यापाऱ्यांनी तो मानला नाही. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. त्यांच्या काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं की काम करून जगू, नाहीतर लढत मरू. दोन दिवसांत शहर त्यांच्या हातात आलं, आणि काही दिवसांनी सैन्याने ते परत घेतलं. १८३४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उठले, आणि त्या वेळी शेकडो माणसं मारली गेली.

मी त्याला सांगितलं की आमचंही विणकरांचं आणि गिरणी कामगारांचं शहर. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांविरुद्ध उठलं, सरकारने मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्याने ती चारही नावं माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतली.

पुढे मोंते द ला ग्रांद-कोतच्या चढावर एका घरावर पाटी आहे. १८३५ मध्ये इथे मिशेल देरियोंने सहकारी दुकान उघडलं, फ्रान्समधल्या अगदी पहिल्या ग्राहक सहकारी दुकानांपैकी एक. बंड मोडून जेमतेम वर्ष झालं होतं. किराण्याचा भाव आपण ठरवू, असं म्हणत लोक पुन्हा उभे राहिले. सहकाराच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने या पाटीपुढे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

बाकीचं शहर आम्ही भराभर पाहिलं. प्लास दे तेरोमधलं चार उधळलेल्या घोड्यांचं कारंजं बार्थोल्दीचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा करणाऱ्याचं. बेलकूर हा तांबड्या मातीचा अफाट चौक, मधे घोड्यावर चौदावा लुई. ल्योंची माणसं भेटायचं ठरवतात ते ‘घोड्याच्या शेपटीखाली’. सोन ओलांडून जुन्या शहरात गेलो आणि तिथून ‘फिसेल’ने फूरव्हियेरला. फिसेल म्हणजे दोरी. दोरीवर ओढल्या जाणाऱ्या गाडीला हे शहर दोरीच म्हणतं. वर १८७२ मध्ये बांधायला घेतलेलं पांढरं चर्च आहे. चार कोपऱ्यांच्या चार बुरुजांमुळे लोक त्याला उताणा हत्ती म्हणतात. हवा स्वच्छ असली तर तिथून माँ ब्लां शिखर दिसतं. त्या दिवशी धुकट होतं. पण दोन नद्या, लाल कौलं आणि समोर क्रुआ-रूसच्या उंच खिडक्यांच्या रांगा स्पष्ट दिसल्या. मावळतीच्या उन्हात त्या सगळ्या एकदम पेटल्या. इतका वेळ मी त्या खिडक्यांच्या आत होते, आता ती नक्षी समोरून दिसत होती.

परतताना मुलगा म्हणाला, ‘उद्या तुला रु द्यु प्रमिये-फिल्मवर नेतो.’ पहिल्या चित्रपटाचा रस्ता. लुमिएर बंधूंच्या कारखान्याच्या फाटकातून सुटीच्या वेळी बाहेर पडणारे कामगार तिथे १८९५ मध्ये चित्रित झाले. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, लुमिएरांचे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. ते पाहून आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सावेदादा, कॅमेरा मागवायला धावले आणि पुढे त्यांनी मुंबईत कुस्ती चित्रित केली. लुमिएरांच्या कॅमेऱ्याने पहिल्यांदा पाहिलं ते कामावरून सुटलेल्या माणसांना, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

रात्री घरी आलो तर आजी खिडकीपाशी बसल्या होत्या, पायांवर सोलापुरी चादर. मी उंबऱ्याजवळ बूट काढत होते. त्या म्हणाल्या, ‘दमली असशील तू.’ दिवसभरात पहिल्यांदा ‘तू’. लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी काहीच न बोलता त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाहेर रस्त्याच्या दिव्यांत समोरच्या घरांच्या खिडक्या दिसत होत्या. त्या घरांत आता मागही नाहीत आणि विणकरही नाहीत. पण या शहराने आवाजासकट सगळं जपलंय. बुलव्हार दे कान्यूवर बाराशे चौरस मीटरचं एक भित्तिचित्र आहे, ते मी पुढच्या आठवड्यात पाहिलं. १९८७ मध्ये रंगवलं, नंतर १९९७ आणि २०१३ मध्ये पुन्हा. दर वेळी त्यातली माणसं तितक्या वर्षांनी मोठी करून रंगवली.

बाबा ज्या शेडमध्ये होते ती आता बंद आहे. माग किलोच्या भावाने गेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती विणणारे जुने माग एकेक करून भंगारात जातायत. बाबांनी निघताना एकच गोष्ट मागून घेतली, मोराच्या नक्षीच्या कार्डांचा गठ्ठा. तो आमच्या पोटमाळ्यावर आहे, गोणपाटात बांधलेला.

म्हणून हे वाचणाऱ्या सोलापूरकरांना, इचलकरंजीकरांना, येवलेकरांना माझी विनंती आहे. तुमच्या शेडमध्ये जुना जकार्ड गप्प उभा असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक दिवस तो चालवा. घरातल्या मुलांना शेजारी उभं करा आणि ज्याने तो आयुष्यभर चालवला त्याला बोलू द्या. ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी, हे शब्द त्याच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि चालता माग एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यायची कुणाची तयारी असेल, तर आमच्याकडे मोर आहे. बाबांना ऐकू कमी येतं, पण कार्डं ओवायला त्यांचे हात अजून चालतात. निरोप आला की ते ताटावरून उठून येतील.